दर्यावरची हज : वऱ्हाडच्या हाजींची विसरलेली वाट

हजला निघालेला माणूस परत येईल असे धरून आपल्याकडे फार काळ कोणी चालत नसे. निघण्याआधी कर्ज फेडायचे, उपवर मुलींची लग्ने उरकायची, जमिनीच्या वाटण्या करून ठेवायच्या, मोहल्ल्यात घरोघरी जाऊन ‘कहा-सुना माफ’ करून घ्यायचे आणि पेटीच्या तळाशी कफनाचे कापड ठेवायचे, असा रिवाज होता. त्यातले बरेचसे आजही केले जाते. हार पडतात, दावती होतात, माफी मागितली जाते. नागपूरहून विमानात बसून पाच-सहा तासांत जिद्द्याला उतरणाऱ्या हाजीसाठी ती परंपरा असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ती निव्वळ व्यवहाराची तयारी होती. ती माफी खरोखरच शेवटची ठरण्याचा संभव होता आणि कफन खरोखरच लागत असे.

या प्रवासाविषयी मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. उर्दूत हजचे सफरनामे पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक आलिमांचे, अदीबांचे, संस्थानिकांचे. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, रिसोड इथल्या कास्तकाराने, अत्ताराने, पिंजाऱ्याने आपला प्रवास लिहून ठेवला नाही. त्याच्याविषयी लिहिले ते बंदरावरच्या डॉक्टरने, पोलीस कमिशनरने आणि वकिलातीतल्या साहेबाने. त्यामुळे सरकारी दप्तरात तो एक तर पटकीचा वाहक म्हणून भेटतो, नाही तर सरकारच्या गळ्यात पडलेला निराधार म्हणून. या दोन शिक्क्यांच्या आड जो माणूस होता त्याच्यापर्यंत जमेल तेवढे पोचावे, म्हणून हा लेख.

आधी वाट पाहू. वाशीम १९९८ च्या १ जुलैला जिल्हा झाले. त्याआधी ते अकोल्यात होते. वाशीमहून अकोला सुमारे पन्नास मैल. बैलगाडीने दोन-तीन मुक्कामांचा हा पल्ला. अकोल्याला रेल्वे आली ती हाजींसाठी नव्हे, रूईसाठी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. मुंबईकडे गठाणी घेऊन जाणाऱ्या त्याच मार्गाने आपले हाजी मुंबईला जाऊ लागले. त्यापूर्वीचे हाजी बाळापूर, बुऱ्हाणपूर, खानदेश असे करीत सुरतेस जात असावेत, कारण मोगली काळात दक्षिणेकडून सुरतेला जाणारा मोठा रस्ता बुऱ्हाणपूरवरूनच होता. सुरतेला तर ‘बाबुल मक्का’, मक्केचा दरवाजा, म्हणत.

त्या जुन्या शिडाच्या जहाजांच्या काळात रोगापेक्षा भय होते ते माणसाचे. आम्ही उर्दू शाळेत मुलांना शिकवतो. वास्को द गामाने हिंदुस्थानचा सागरी मार्ग शोधला, हे मुले धडाधड सांगतात. त्याच वास्को द गामाने १५०२ सालच्या दुसऱ्या सफरीत मक्केहून परतणारे ‘मीरी’ नावाचे जहाज मलबारच्या किनाऱ्याजवळ अडवले, लुटले आणि आतल्या बायकामुलांसकट पेटवून दिले. हे फारच थोड्या मुलांच्या, आणि खरे तर फारच थोड्या मास्तरांच्या, कानी गेलेले असते. पुढे पोर्तुगीजांनी परवाने काढले. परवाना नसेल तर जहाज जप्त. अकबर बादशहाची आत्या गुलबदन बेगम शाही घराण्यातल्या स्त्रियांना घेऊन हजला निघाली, तेव्हा तिलासुद्धा या परवान्यापायी सुरतेला जवळजवळ वर्षभर खोळंबावे लागले. १५७६ मध्ये तिचे जहाज सुटले. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि त्या उजाड किनाऱ्यावर कित्येक महिने काढावे लागले. फतेहपूर सिक्रीला ती १५८२ मध्ये पोचली. बादशहाच्या घरची ही कथा, मग इतरांचे काय झाले असेल! औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे प्रचंड जहाज १६९५ साली हाजींना घेऊन सुरतेकडे परतत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले. स्त्रियांची विटंबना झाली. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या असे त्या काळच्या लेखनात येते.

आपल्या कोकणातले दाभोळ हेही मक्केच्या वाटेवरचे नामांकित बंदर. आदिलशाहीचे हाजी तिथून निघत. खाडीकाठी उभ्या असलेल्या दाभोळच्या शाही मशिदीबद्दल अशी आख्यायिका आहे की, विजापूरच्या शाही घराण्यातली एक स्त्री हजसाठी लवाजम्यासह तिथवर आली, पण समुद्र सुरक्षित नव्हता म्हणून जहाजात पाय ठेवू शकली नाही. मग बरोबर आणलेला पैसा तिने तिथेच मशिदीला लावला. आख्यायिका खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवू. न झालेल्या प्रवासाची इतकी देखणी खूण आम्हाला दुसरी माहीत नाही.

आगबोटी आल्या तेव्हा हे भय सरले आणि दुसरे आले. वाऱ्याची वाट पाहणे संपले. मुंबई ते जिद्दा पंधरवड्यात होऊ लागले, भाडे कमी झाले आणि ज्याने हजचे स्वप्नही पाहिले नसते असा गरीब माणूस हजला निघू लागला. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडल्यावर तांबड्या समुद्रात युरोपीय बोटींची झुंबड उडाली. मालकांच्या हिशेबात हाजी म्हणजे जाताना भरायचा माल होता. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याने माणशी जागा धरली होती नऊ चौरस फूट. खडूने तीन बाय तीनचा चौकोन आखून पाहावा. त्यात वळकटी, पेटी, तांदूळ-पिठाची पोती, तुपाचा डबा, स्वयंपाकाची भांडी आणि वर स्वतः माणूस. पंधरा दिवस तिथेच झोपायचे, तिथेच नमाज पढायची. शिधा ज्याचा त्याने आणायचा, चूल बोटीवर पाळीपाळीने मिळायची, पाणी मोजून मिळायचे. आणि ही नऊ फुटांची जागासुद्धा कागदावरचीच. परवान्यापेक्षा जास्त माणसे कोंबल्याच्या तक्रारी वारंवार झालेल्या आढळतात.

इथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. हज चांद्र महिन्याने येते. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. हज हिवाळ्यात आली तर अरबी समुद्र शांत असतो. ती उन्हाळ्याच्या अखेरीस आली की जाताना हिजाजचा वणवा आणि येताना ऐन मोसमी पावसाचा खवळलेला दर्या. वऱ्हाडच्या कास्तकाराला आणखी एक हिशेब होता. कापसाचा पैसा हाती पडतो दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. हज त्यानंतर लगेच आली तर पैसा आणि सवड दोन्ही असत. ती पेरणीच्या तोंडाशी आली तर शेत कोणावर सोडायचे? म्हणजे एकाच गावातल्या दोन पिढ्यांची हज अगदी वेगळी असे. १८९३ ची हज जूनच्या अखेरीस होती. ती पटकीच्या साथीने हजारो हाजी बळी घेणारी, त्या शतकातली अत्यंत भीषण हज ठरली.

साथीचा इतिहास मात्र १८६५ पासून सांगावा लागतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात मक्केत पटकी उसळली. सुमारे नव्वद हजार हाजींपैकी पंधरा हजार मेले असा अंदाज त्या काळी केला गेला. परतणाऱ्या बोटींबरोबर रोग इजिप्तमध्ये आणि तिथून युरोपच्या बंदरांत पोचला. युरोप हादरला. पुढच्याच वर्षी, १८६६ मध्ये, कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि बोट ठेवले गेले ते हिंदुस्थानी हाजीवर. पटकीचे मूळ गंगेच्या खोऱ्यात, आणि ती वाहून नेतो हाजी. रोग हाजींबरोबर जात होता हे खोटे म्हणता येणार नाही. पण ज्या बोटीत त्याला नऊ फुटांत कोंबले होते, ती बोट कोणाची, नफा कोणाचा, या प्रश्नाची चर्चा मात्र दबक्या आवाजात झाली. जागा वाढवा म्हटले की भाडे वाढेल, भाडे वाढले की मुसलमान नाराज होतील, असे उत्तर इंग्रज सरकार देई. मुसलमानांच्या नाराजीची एवढी काळजी बोटमालकांच्या सोयीच्या वेळीच का वाटावी, हे आम्हाला उमगलेले नाही.

या साथीच्या भीतीतून कामरान आले. जुन्या हाजींच्या तोंडी जिद्द्याइतकेच हे नाव असे. कामरान हे यमनच्या किनाऱ्याजवळचे तांबड्या समुद्रातले एक सपाट, रखरखीत बेट. ऑटोमन सरकारने तिथे १८८२ च्या सुमारास क्वारंटाइनचा तळ उघडला. दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक हाजी-बोटीने तिथे थांबायचे. माणसे होड्यांतून उतरवायची, कपडे-अंथरुणे वाफेच्या भट्टीत घालायची, माणसांना न्हाऊ घालायचे आणि झोपड्यांत दहा-दहा दिवस ठेवायचे. एखाद्याला पटकी निघाली की दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. फी द्यायची ती हाजीनेच. पाणी, लाकूड, अन्न महाग. शिधा बेतून आणलेला माणूस इथेच रिकामा होई. आयुष्यभर पडद्यात राहिलेल्या बायांना परक्यांसमोर कपडे काढून द्यावे लागत, याचा संताप त्या काळच्या तक्रारींत दिसतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली हे बेट इंग्रजांकडे गेले, पण तळ चालूच राहिला. कारभार सुधारला, फी आणि खोळंबा राहिलाच. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कुठे तो बंद झाला. ज्या बेटावर आपली किती माणसे पुरली गेली असतील याची गणती नाही, ते बेट आज आपल्या मुलांना नकाशावर दाखवता येत नाही.

आणि क्वारंटाइन फक्त त्या टोकाला होते असे नाही. मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग निघाला. १८९७ मध्ये युरोपीय राष्ट्रांच्या दबावाखाली मुंबईहून हजला जाण्यावर बंदी आली. आमच्या वऱ्हाडात ती दुष्काळाची वर्षे होती. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो तोच १८९९-१९०० चा आला. पैसा जमवून बसलेल्यांच्या वाट्याला बंदर बंद, आणि बंदर उघडले तेव्हा पैसा खाण्यात गेलेला, अशी अनेक घरांची गत झाली असेल.

बोटीवर कोणी दगावले तर जनाजाची नमाज होई, देहाला वजन बांधून तो समुद्रात सोडला जाई. इंजिन काही क्षण मंद करीत, मग बोट पुढे. हजच्या वाटेवर मरण आले तर ते भाग्याचे, ही आपली श्रद्धा. तिच्या बळावर मागे राहिलेल्यांनी ते सोसले. पण श्रद्धेचा आधार होता म्हणून त्या मरणाला जबाबदार कोणी नव्हते, असे होत नाही.

बेजबाबदारीचे सर्वांत बोलके उदाहरण ‘जेद्दा’ नावाच्या बोटीचे आहे. बोट सिंगापूरच्या एका अरब व्यापाऱ्याच्या कंपनीची, कप्तान व वरचे अधिकारी गोरे, उतारू बहुतेक मलायातले. १८८० च्या जुलैत ती सिंगापूर व पिनांग येथून जवळजवळ हजार हाजी घेऊन निघाली. आफ्रिकेच्या ग्वार्दाफुई भूशिराजवळ वादळात बॉयलर हलले, बोटीत पाणी शिरू लागले. हाजी दिवसरात्र पाणी उपसत होते. ८ ऑगस्टच्या रात्री कप्तान क्लार्क आपली बायको आणि गोरे अधिकारी यांना घेऊन होडीतून पळाला. दुसऱ्या एका बोटीने त्यांना उचलून एडनला पोचवले. कप्तानाने सांगितले, ‘जेद्दा’ बुडाली, सगळे हाजी गेले. तशी तार लंडनला गेली. आणि दुसऱ्या दिवशी ‘अँटेनॉर’ नावाच्या बोटीने ओढत आणलेली ‘जेद्दा’ एडन बंदरात दाखल झाली, जिवंत हाजींसकट! ज्यांना अडाणी म्हणून सोडून दिले होते त्यांनी पाणी उपसून बोट तरंगती ठेवली होती. शिक्षा काय झाली? कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी रद्द. जोसेफ कॉनरॅडने या घटनेवरून ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी लिहिली, ती १९०० मध्ये प्रसिद्ध झाली. जगाने ती एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या पश्चात्तापाची कथा म्हणून वाचली. ते पाणी उपसणारे हाजी पुढे मक्केला पोचले का, घरी परतले का, याच्याशी कादंबरीला कर्तव्य नव्हते.

आता आम्ही या विषयाच्या गाभ्याशी येतो, आणि तो आपल्याला थोडा बोचणारा आहे. जिद्द्याला पोचून, मक्का-मदिना करून पैसे संपलेले हिंदुस्थानी हाजी शेकड्यांनी जिद्द्याच्या रस्त्यांवर पडून असत. परतीचे भाडे नाही, खायला नाही. म्हातारे, विधवा, लेकुरवाळ्या बाया. सरकारी इंग्रजीत त्यांच्यासाठी एक ठराविक शब्द होता, त्याचा अर्थ ‘निष्कांचन’. एक हिंदी मुसलमान डॉक्टर, असिस्टंट सर्जन अब्दुर रज्जाक, यांना सरकारने १८७८ मध्ये हाजींची परिस्थिती पाहण्यासाठी हिजाजला पाठवले. १८८२ पासून ते जिद्द्याला इंग्रजांचे उपवकील होते. हाजींचे हाल त्यांनी वर्षानुवर्षे लिहून कळवले. १८९५ मध्ये जिद्द्याबाहेर बदूंनी त्यांचा खून केला. आपल्या लोकांसाठी एवढे करणारा हा माणूस इंग्रजांचा नोकर होता म्हणून आपल्या आठवणीत राहिला नाही, असे आम्हाला वाटते.

निष्कांचन का होत? साहेबांचे उत्तर सोपे होते: हे लोक अडाणी, धर्मवेडे, पैसा नसताना निघतात. आपले आलिमही ‘इस्तिताअत’ची आठवण देत. ज्याच्याकडे जाण्यायेण्याचा आणि मागच्यांच्या पोटाचा खर्च आहे त्याच्यावरच हज फर्ज आहे. हे खरेच आहे. पण घरून पुरेसे पैसे घेऊन निघालेलाही निष्कांचन होई, ते कसे ते पाहिले पाहिजे. अकोल्याला गाडीत बसताना त्याला बोट कधी सुटेल ते माहीत नसे. वेळापत्रक नव्हतेच, बोट भरेल तेव्हा सुटणार. मुंबईत दलाल गाठ घालत, ‘उद्या सुटते’ म्हणत आणि तिकिटाचे पैसे घेऊन आठवडेच्या आठवडे बसवून ठेवत. मुसाफिरखान्यात जागा मिळाली तर ठीक. क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना पुढे पुष्कळांचा आसरा झाला. नाही तर फुटपाथ. मग कामरानची फी. मग जिद्द्याला प्रवाळाच्या खडकांमुळे बोट दोन-तीन मैल आत उभी, तिथून किनाऱ्यापर्यंत होडीवाला मागेल ते भाडे. जकातीत पेट्यांची उलथापालथ. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६४ मध्ये स्वतःच्या लवाजम्यासह गेल्या होत्या, त्यांच्याही सामानाची तिथे दैना झाली, हे त्यांनी आपल्या प्रवासवृत्तात नोंदवले आहे. मग मुअल्लिमाचा हिशेब, मक्केपर्यंत उंटाचे भाडे, मदिनेच्या दहा-बारा दिवसांच्या वाटेवर टोळ्यांची खंडणी. जो घरून दोनशे मोजून निघाला त्याचे दोनशे कुठे गेले हे विचारण्याऐवजी तो निघालाच का, हे विचारले गेले.

सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक कंपनीला हाजींच्या व्यवस्थेचे काम दिले. गावाजवळच्या स्टेशनपासून जिद्द्यापर्यंत रेल्वे आणि आगबोट मिळून एकच तिकीट, ठरलेल्या तारखा, असा तो बेत होता. बेत चांगला होता. पण मुंबईचे दलाल आणि बोटमालक विरोधात गेले आणि तोटा भरून द्यायला सरकार तयार नव्हते. १८९३ मध्ये कुक कंपनी बाहेर पडली. दलाल राहिले.

मग प्रश्न उरला परतीच्या तिकिटाचा. निघतानाच येण्याजाण्याचे तिकीट सक्तीचे केले तर कोणी अडकून पडणार नाही. सरकार चाळीस वर्षे यावर घुटमळले, कारण १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन होते. आपल्यातल्या अनेक पुढाऱ्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की हा गरिबांसाठी हजचा दरवाजा बंद करण्याचा डाव आहे. ज्याला मदिनेतच मरायचे आहे त्याने परतीचे पैसे का भरावेत? एकाच कंपनीचे तिकीट गळ्यात बांधले तर ती कंपनी परतताना हाजीला हवे तितके ताटकळत ठेवील. हे मुद्दे पोकळ नव्हते. शेवटचा तर पुढे अनुभवानेही खरा ठरला. तरीही आमच्या मते सक्तीची बाजू घेणारेच बरोबर होते. मुंबईच्या सभेत दरवाजा उघडा ठेवण्याची भाषणे करणाऱ्यांना जिद्द्याच्या रस्त्यावर हात पसरणाऱ्या वऱ्हाडी विधवेचा आवाज ऐकू येत नव्हता. १९२५ च्या कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. हज बंद पडली नाही. १९२९ मध्ये क्लेटन यांच्या अध्यक्षतेखाली हज चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालानंतर १९३२ च्या कायद्याने बंदरांवर हज समित्या आल्या. आजच्या हज कमिटीचे मूळ तिथे आहे. तोपर्यंत हिजाजमध्ये सौदी सत्ता येऊन मदिनेची वाटही निर्धोक झाली होती.

बोटींच्या कंपन्यांची कथा थोडक्यात सांगतो. मुंबईच्या बॉम्बे अँड पर्शिया कंपनीच्या बोटींना मोगल बादशहांची नावे असत, म्हणून लोक तिला ‘मोगल लाइन’ म्हणू लागले आणि पुढे तेच तिचे अधिकृत नाव झाले. ताबा मात्र इंग्रज टर्नर मॉरिसन कंपनीचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीने १९३७ मध्ये ‘अल मदिना’ आणि ‘अल हिंद’ या बोटी हजच्या मार्गावर आणल्या आणि दोघांत भाड्याचे युद्ध जुंपले. काही हंगाम हाजींना कधी नव्हे ते स्वस्तात जाता आले. दुसऱ्या महायुद्धात या दोन्ही बोटी लष्करी कामाला लावल्या गेल्या. ‘अल मदिना’ १९४४ च्या मार्चमध्ये जपानी पाणबुडीने बुडवली आणि पुढच्याच महिन्यात, १४ एप्रिलला, मुंबई गोदीच्या स्फोटात ‘अल हिंद’ नष्ट झाली.

स्वातंत्र्यानंतर मोगल लाइन सरकारने घेतली. रिझवानी, इस्लामी, मोहम्मदी, अकबर, नूरजहाँ ही नावे आपल्याकडच्या साठी-सत्तरी ओलांडलेल्यांनी घरात ऐकलेली आहेत. हालांची तीव्रता आता पुष्कळ कमी झाली होती. डॉक्टर असे, भटारखाना असे, सात-आठ दिवसांत जिद्दा येई. बोटीवर ओळखी होत, कधी सोयरिकी जुळत. यलमलमच्या समोर बोट आली की भोंगा वाजे, पुरुष एहराम बांधत आणि हजार-दीड हजार गळ्यांतून एकदम ‘लब्बैक’ उठे. जहाजाने गेलेल्या प्रत्येक हाजीच्या बोलण्यात हा भोंगा हटकून येतो.

एक गोष्ट राहून जाते, ती आमच्या वाशीमकरांच्या मनाला लागणारी म्हणून सांगतो. मक्केत निजामाने आपल्या रयतेसाठी रुबात, म्हणजे हाजींच्या उतरण्याच्या इमारती, करून ठेवल्या होत्या. गेल्या काही दशकांत जुन्या निजामी मुलुखातल्या, म्हणजे मराठवाड्यातल्याही, हाजींना चिठ्ठ्या टाकून तिथे फुकट जागा दिली गेली. हिंगोली वाशीमपासून जेमतेम पन्नास किलोमीटर. हिंगोलीच्या हाजीचा त्या चिठ्ठीत हक्क. वाशीमच्या हाजीचा नाही, कारण १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली गेले. नावाला निजामाचे, कारभाराला कंपनीचे. त्या तहात आपल्या पणजोबांच्या हजचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये बंद झाली. विमानाच्या भाड्यावरची सरकारी सवलत टप्प्याटप्प्याने संपवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितले आणि २०१८ मध्ये ती पूर्ण थांबली. जहाज पुन्हा सुरू करावे अशी चर्चा अधूनमधून होते. स्वस्त पडेल, असे म्हणतात. ज्यांच्या घरी जहाजाचे हाजी होते ती माणसे यावर गप्प बसतात. नागपूरच्या विमानतळाकडे निघालेला हाजी आता एहराम बरेचदा निघतानाच बांधून घेतो. यलमलम त्याच्या खालून कधी निघून जाते ते बहुधा त्याला कळतही नाही.